फळ्यावर उत्तर पाव आलं

आमच्या कापूरहोळच्या घराला दोन दारं होती. पुढचं हमरस्त्यावर उघडायचं आणि मागचं ओढ्याकडे. पुढच्या दारानं दिवसभर ट्रकांची घरघर आत यायची, मागच्या दारानं पारव्यांची घुमघुम, आणि या दोन्हींच्या मध्ये अम्मीच्या भाकरी थापण्याचा आवाज. भोरचा रस्ता जिथं हमरस्त्यापासून फुटतो तिथून शंभरेक पावलांवर अब्बांचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे आमच्याच घराची पुढची पडवी. कात्रजचा घाट उतरून किंवा खंबाटकी ओलांडून आलेल्या गाड्या वाफ टाकत आमच्या दारात थांबायच्या. अब्बा रेडिएटर उतरवायचे, त्याची तोंडं बुचांनी बंद करायचे, नळीनं हवा भरून तो सिमेंटच्या टाकीत बुडवायचे आणि पाण्यावर वाकून बुडबुडे शोधत राहायचे. मग स्टोव्हची फरफर, तापलेल्या लोखंडाचा चर्र आवाज आणि कथलाचा वास. तो वास आमच्या डाळीला यायचा, उशांना यायचा, माझ्या वह्यांनाही यायचा. पुण्याच्या कॉलेजात पहिल्याच आठवड्यात शेजारची मुलगी म्हणाली, "शमीम, तुझ्या वहीला बॅटरीसारखा वास येतो." मी ती वही चार दिवस मागच्या दाराशी उन्हात टाकली. वास काही गेला नाही.

माझ्या दोन्ही मोठ्या बहिणींची लग्नं झालेली होती. एकटी मीच घरी उरले होते, आणि मी इंजिनिअरिंगला होते. हे वाक्य अब्बा गिऱ्हाइकांना कधी आपण होऊन सांगायचे नाहीत, पण कुणी विचारलंच तर हातातलं काम थांबवून सांगायचे. रोज सकाळी मी हमरस्त्यावर उभी राहून एसटी धरायची. सारोळ्याच्या बाजूनं येणाऱ्या त्या गाडीत वैशाली आधीच बसलेली असायची. ती भोंगवलीची, शेतकऱ्याची मुलगी. माझ्याच वर्गात. खिडकीची जागा ती स्वतः घ्यायची आणि शेजारच्या जागेवर माझ्यासाठी डबा ठेवायची. तिच्या डब्यात भरलेल्या वांग्यांबरोबर ज्वारीची भाकरी, माझ्या डब्यात सुकटीची चटणी. सुकट तिच्या घरी चालत नव्हती, म्हणून ती माझ्या डब्यातली खायची आणि कॉलेजला पोचल्यावर नळावर खळखळून चुळा भरायची. सणासुदीला ती आमच्याकडे उतरून जेवून पुढं जायची. अम्मी तिला "माझी भोंगवलीची लेक" म्हणायची.

दुसऱ्या वर्षाला गणिताचा जो पेपर असायचा त्याला सगळे एम-थ्री म्हणत. हा पेपर आमच्या दोघींचा राहिला. मला शंभरात सत्तावीस, तिला एकोणतीस. बाकी सगळे विषय सुटलेले. पुढच्या खेपेला सुटला नाही तर वर्ष वाया जाणार होतं. अब्बा रागावले नाहीत. त्यांनी गुणपत्रिका हाताला तेल लागू नये म्हणून फडक्यानं धरली, सगळे विषय बोटानं मोजले आणि विचारलं, "ह्यो येकच का?" मी म्हटलं, "व्हय, येकच." "मग त्यो येकच कर," ते म्हणाले.

तो एक करायला मी उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारच्या वडापच्या, माणसं कोंबून धावणाऱ्या जीपनं भोरला जाऊ लागले. तिथं धुमाळ बाई राहायच्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या, उंच, आणि कानानं जरा मंद. मी त्यांच्यापुढं पुस्तक उघडलं तेव्हा त्यांनी चष्मा लावून दोन पानं वाचली, उलटून मागची दोन वाचली आणि म्हणाल्या, "मला हे येत नाही. माझ्या वेळी आम्हाला नव्हतं. पण पुस्तक आहे आणि आपण दोघी आहोत." वयाच्या पासष्टीला त्या बाई माझ्याबरोबर फूरिये ट्रान्सफॉर्म शिकल्या. पंख्याखाली सतरंजी, मध्ये पाटी, बाजूला कोकमाचं सरबत. त्यांच्या दोन सक्ती होत्या. एक, गणित सोडवण्याआधी चित्र काढायचं आणि उत्तर साधारण केवढं येईल ते बोलून दाखवायचं. दुसरी, प्रत्येक ओळ लिहायची. जवळची वाट दिसली तरी मोठ्या वाटेनंच जायचं. वैशाली दोनदा माझ्याबरोबर आली. मग तिच्याकडं भुईमुगाची काढणी निघाली, आणि नंतर तिला पुण्याच्या कुठल्याशा क्लासच्या झेरॉक्स नोट्स मिळाल्या. "एवढं रामायण कशाला लिहायचं? तीन ओळीत उत्तर येतंय," ती मला म्हणाली. खरंच तिचं उत्तर तीन ओळीत येत होतं. मला तिचा हेवाही वाटला.

ज्या गणितामुळं पुढचं सगळं घडलं ते सांगायलाच हवं, नाहीतर गोष्ट अर्धी राहील. ज्यांना गणिताचा कंटाळा आहे त्यांनी फक्त चित्र डोळ्यापुढं आणावं. सपाट जमिनीवर एक खोकं ठेवलंय. उणे एक ते अधिक एक एवढ्या पट्ट्यात उंची एक, बाकी सगळीकडं शून्य. फूरियेचं म्हणणं असं की हे खोकंसुद्धा लाटांची बेरीज आहे. लांब लाटा, आखूड लाटा, अगदी बारीक थरथरीच्या लाटा, सगळ्या योग्य मापानं मिसळल्या की हेच खोकं तयार होतं. कुठली लाट किती घ्यायची, हे काढायचं म्हणजे ट्रान्सफॉर्म. आणि मग त्या उत्तराचा उलटा उपयोग करून एका अवघड वक्राखालचं क्षेत्रफळ काढून दाखवायचं. पुढं तीस वर्षं मी नोकरीत यंत्रांच्या थरथरीची मोजमापं केली आणि ती सगळी याच एका कल्पनेवर उभी होती. पण तेव्हा ते माझ्यासाठी फक्त दहा गुण होते.

परीक्षेत तोच प्रश्न आला. मी तो पहिला घेतला. मोठ्या वाटेनं, बाईंच्या पद्धतीनं, सगळ्या ओळी लिहीत, एका ठिकाणी चिन्ह चुकलेलं खोडून सोडवला आणि खाली उत्तराला, म्हणजे वर्तुळातल्या पायच्या निम्म्याला, चौकट केली. पुढच्या प्रश्नाला हात घातला तेवढ्यात वर्गाच्या दारात भरारी पथक उभं राहिलं. सगळ्या वर्गात एकदम पानं उलटायचा आवाज थांबला. माझ्या मागच्या बाकावर वैशाली होती. मला चप्पल घासल्याचा आवाज ऐकू आला, एवढंच. पथकातले एक गृहस्थ माझ्या बाकाशी आले, वाकले आणि माझ्या पायाशी पडलेली चार बोटांची एक चिठ्ठी उचलून त्यांनी उलगडली. तिच्यावर बारीक अक्षरात तेच गणित होतं. तीन ओळीत.

"उभ्या राहा," ते म्हणाले.

चिठ्ठी त्यांनी माझ्या डोळ्यापुढं धरली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मुद्दाम सुटं सुटं काढलेलं होतं, पण गणितातल्या लॅम्डा या अक्षराची शेपटी वर वळवलेली होती. अशी शेपटी मी दोन वर्षं रोज बघत होते. मी मागं वळून पाहिलं नाही. का नाही, हे मला तेव्हाही कळलं नाही. माझी उत्तरपत्रिका काढून घेतली, एका कागदावर माझी सही घेतली आणि मला बाहेर जायला सांगितलं. त्या दिवशी मी स्वारगेटवर एक गाडी सोडली, दुसरी सोडली. वैशाली आलीच नाही. ती बहुतेक मला टाळायला नंतरच्या गाडीनं गेली असावी.

घरी मी दारातच सांगितलं. अम्मी हातातलं परातीतलं पीठ तसंच ठेवून उठली. "तू किलीस का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "न्हाई." तिनं माझ्याकडं क्षणभर बघितलं आणि म्हणाली, "मग जेव." पण स्वतः मात्र जेवली नाही. आठ दिवसांनी चौकशी समितीपुढं पालकांना घेऊन हजर राहा, असं पत्र आलं. त्या आठ दिवसांत घरातला एकेक आवाज मला वेगळा ऐकू येत होता. अब्बांचं बोलणं थांबलेलं. अम्मीचं पोळपाट-लाटणं नेहमीपेक्षा हळू. अम्मीनं त्या दिवसांत सगळं माझ्या आवडीचं केलं, शेंगोळी केली, आंबेमोहराच्या भातावर मटणाचा पातळ रस्सा केला, आणि मी प्रत्येक वेळी अर्धं ताट तसंच ठेवून उठले. कॉपी सिद्ध झाली तर नुसता हा पेपर नाही, सगळे विषय रद्द होऊन दोन वर्षं परीक्षेला बसता येत नाही, असं मुलं सांगत होती. दोन वर्षं घरी बसलेली मुलगी पुन्हा कॉलेजला जात नाही, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

एसटीत वैशाली दिसेनाशी झाली. पाचव्या दिवशी मी मुद्दाम पहाटेच्या गाडीला उभी राहिले. ती होती. खिडकीशी. शेजारच्या जागेवर डबा नव्हता, एक म्हातारी बसली होती. वैशालीनं मला पाहिलं आणि मान बाहेर वळवली. मी कापूरहोळ ते स्वारगेट दांडीला धरून उभी राहिले.

चौकशीच्या दिवशी अब्बांनी दुकान बंद ठेवलं. ईदला शिवलेला पांढरा सदरा घातला. नखांत अडकलेलं काळं निघावं म्हणून सकाळी ते बराच वेळ लिंबाची फोड घासत बसले होते. कॉलेजच्या पहिल्या मजल्यावर एक लांब खोली, खोलीत लांब टेबल, भिंतीवर फळा. टेबलामागं तिघं. मध्ये अध्यक्ष, गोरे, भरगच्च, बोलताना पेनानं टेबलावर टकटक करणारे. एका बाजूला टिपण घेणारा कारकून. दुसऱ्या बाजूला दुसऱ्या कॉलेजातून बोलावलेले गणिताचे देवस्थळी सर, कृश, पांढऱ्या केसांचे, सारखे नाक पुसणारे. अब्बांना दाराजवळची खुर्ची दिली. ते तिच्या कडेवर बसले.

"चिठ्ठी तुमच्या बाकाखाली. चिठ्ठीतला प्रश्न तुम्ही सोडवलेला. उत्तर तेच," अध्यक्ष म्हणाले. "कबूल केलंत तर शिक्षा कमी करण्याचा विचार होऊ शकतो."

"मी कॉपी केली नाही, सर."

"मग चिठ्ठी कुणाची?"

पेन टकटक वाजत राहिलं. मग दाराकडून अब्बांचा आवाज आला. "सायेब, माझी पोरगी खोटं बोलत न्हाई. तिला ते गनित येतंय. मला कळत न्हाई, पर ती भोरला जाऊन शिकलीया. तिला करून दावाय सांगा."

अध्यक्षांना हसू आलं. "पाठ करून कोणीही येईल हो."

"येऊ द्या की," देवस्थळी सर पहिल्यांदाच बोलले. "पाठ केलेलं कळतं. बाई, फळ्यावर या. तेच गणित. आणि बोलत बोलत करा."

खडू हातात घेतला तेव्हा माझी बोटं इतकी ओली होती की तो निसटत होता. मी आधी खोकं काढलं. उणे एक, एक, उंची एक. बाहेर सगळं शून्य, म्हणून उणे अनंतापासून अनंतापर्यंतचं इंटिग्रल फक्त उणे एक ते एक एवढंच उरतं, हे मी मोठ्यानं म्हटलं. आत ई रेज टू मायनस आय लॅम्डा एक्स. त्याचं इंटिग्रेशन म्हणजे तेच, भागिले मायनस आय लॅम्डा. मग वरची मर्यादा घातली, खालची घातली, वजा केली. छेदातलं वजाचं चिन्ह वर घेतलं की वरची दोन पदं जागा बदलतात. इथंच परीक्षेत माझं चिन्ह चुकलं होतं, म्हणून मी थांबून दोनदा तपासलं. ई रेज टू आय लॅम्डा वजा ई रेज टू मायनस आय लॅम्डा, म्हणजे दोन आय साईन लॅम्डा. आय गेला आय बरोबर. खाली लॅम्डा उरला. दोन साईन लॅम्डा भागिले लॅम्डा. मी चौकट केली.

"फंक्शन इव्हन आहे," देवस्थळी सर म्हणाले. "कोसाईननं दोन ओळीत झालं असतं. का नाही केलं?"

"बाईंनी सांगितलंय, सगळ्या ओळी लिहायच्या."

"बरं. पुढं. क्षेत्रफळ काढा."

पुढचा भाग म्हणजे उलटा प्रवास. लाटा पुन्हा एकत्र केल्या की खोकं परत मिळतं. मी सूत्र लिहिलं. एक्सच्या जागी शून्य घातलं. खोक्याच्या मध्यावर उंची एक, म्हणून डावीकडं एक. उजवीकडं ई रेज टू शून्य, म्हणजे एक. उरलं दोन साईन लॅम्डा भागिले लॅम्डाचं इंटिग्रल. दोन पलीकडं गेले, एक भागिले दोन. वक्र दोन्ही बाजूंना सारखा, म्हणून शून्यापासून अनंतापर्यंत त्याचं निम्मं. मी लिहिलं, एक चतुर्थांश. पाव.

अध्यक्षांनी माझी उत्तरपत्रिका उघडली. "इथं पाय बाय टू आहे," ते म्हणाले. "चिठ्ठीतही पाय बाय टू आहे. आणि फळ्यावर पाव." त्यांनी पेन खाली ठेवलं. "झालं आपलं काम?"

पेपरात लिहिलेलं उत्तर मला आठवत होतं, ते पुसून पाय बाय टू लिहिता आलं असतं, पण मधलं काय चुकलं ते सांगता आलं नसतं, आणि मग ते खरोखरच कॉपीसारखं दिसलं असतं. मी अब्बांकडं पाहिलं. त्यांना फळ्यावरचं एक अक्षर कळत नव्हतं. ते फक्त माझ्याकडं बघत होते.

मी फळ्याच्या कोपऱ्यात दुसरं चित्र काढायला घेतलं.

"आता काय?" अध्यक्ष म्हणाले.

"सर, पाव येऊच शकत नाही."

"तुम्हीच आणलंत की."

"करू द्या तिला," देवस्थळी सर म्हणाले.

साईन लॅम्डा भागिले लॅम्डा हा वक्र मी काढला. शून्यापाशी त्याची उंची एक. तिथून तो उतरत उतरत पाय म्हणजे तीनच्या जरा पुढं जमिनीला टेकतो. मी टोकापासून टेकण्यापर्यंत सरळ रेघ मारली. "हा त्रिकोण आहे सर. उंची एक, पाया तीनच्या थोडा पुढं. क्षेत्रफळ दीडच्या वर. आणि वक्र या रेघेच्या वरून जातोय, म्हणजे हा पहिला उंचवटा दीडपेक्षा मोठाच." माझा आवाज मला परका वाटत होता. "त्याच्यापुढं खड्डा आहे. तो वजा होणार. पण तिथं लॅम्डा तीनच्या वर आहे, म्हणून खोली एक तृतीयांशाच्या आत. रुंदी तीनच्या आसपास. म्हणजे खड्डा एकापेक्षा लहान. दीडमधून एक गेला तरी अर्धा उरतो. त्याच्यापुढं परत उंचवटा, मग त्याहून लहान खड्डा, असं. अर्ध्याच्या खाली जातच नाही. मग पाव कुठून येईल?"

मी खालच्या ओळीपासून बोट ठेवत वर निघाले. निम्मं केलं ते बरोबर. दोन पलीकडं नेले ते बरोबर. शून्य घातलं ते बरोबर. मग सगळ्यात वरची, सूत्राची ओळ. इंटिग्रलच्या खुणेआधी मी काहीच लिहिलं नव्हतं.

"एक बाय टू पाय," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की परत म्हणावं लागलं. "उलट येताना एक भागिले दोन पाय घ्यायचा असतो सर. तो राहिला." मी तो घातला. दोनला दोन गेले. एक बरोबर एक भागिले पाय गुणिले इंटिग्रल. म्हणजे इंटिग्रल पाय. निम्मं, पाय बाय टू. एक पूर्णांक सत्तावन्न शतांश.

देवस्थळी सरांनी नाक पुसलं. उत्तरपत्रिका आणि चिठ्ठी शेजारी शेजारी ठेवून ते अध्यक्षांना म्हणाले, "चिठ्ठीत कोसाईनची पद्धत आहे. पेपरात नाही. पेपरात हिनं चिन्ह चुकवून खोडलंय, तेही चिठ्ठीत नाही. आत्ता हिनं तीच मोठी वाट धरली. उत्तर सारखं आहे, कारण ते बरोबर आहे."

"पण चिठ्ठी कोणाची तरी आहे," अध्यक्ष म्हणाले. ते माझ्याकडं वळले. "मागं कोण बसलं होतं? तुम्हाला माहीत असणार."

"मी पेपर लिहीत होते, सर."

हे खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. पुढं ज्यांना हे सांगितलं ते मला म्हणाले की मी मन मोठं केलं. इतक्या वर्षांनी स्वतःशी तरी कबूल करायला हवं, की तसं काही नव्हतं. त्या खोलीत मला जेवढं धाडस होतं तेवढं सगळं फळ्यावर खर्च झालं होतं. आणखी एक नाव उच्चारायला काही उरलं नव्हतं. शिवाय नाव घेतलं असतं तर त्यांनी ते माझ्यावरचं ढकलणं समजलं असतं, ही भीतीही होती. ही दोन कारणं खरी. मैत्री हे तिसरं कारण होतं की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तासाभरानं कारकुनानं बाहेर येऊन सांगितलं की प्रकरण बंद झालं, माझा पेपर तपासला जाईल. अब्बांनी त्याला दोनदा सलाम केला. जिना उतरताना त्यांनी कठडा धरला होता. एरवी ते कधी धरत नसत.

परतीच्या एसटीत शिवापूर आलं तेव्हा ते माझ्याकडं वळले. मग म्हणाले, "शेवटाला किती आलं गं?"

"पाय बाय टू. म्हंजे दीडच्या थोडं वर."

त्यांनी विचार केला. "मग त्ये पाव लईच कमी हुतं."

"लईच."

त्यांनी तिकिटं सदऱ्याच्या खिशात सारली. "चिठ्ठी कुणाची व्हती?"

"मला ठावं न्हाई."

"त्या सायबानं तुला चिठ्ठी दावली त्ये सांगताना तू मान खाली घातलीस. बाकी सगळं मान वर करून सांगितलंस." ते खिडकीबाहेर बघत होते. मी नाव सांगितलं. नसरापूरचा फाटा मागं पडेपर्यंत त्यांनी तंबाखू मळली आणि तोंडात न टाकता पुन्हा पुडीत ओतली. उतरताना एवढंच म्हणाले, "अम्मीला सांगू नगं. ती पोर आपल्यात जेवलीया."

निकाल लागला. मला अठ्ठावन्न मिळाले. वैशाली नापास झाली. पथक आल्यानंतर तिनं एक अक्षर लिहिलं नव्हतं, हे मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं. तिचं वर्ष गेलं. मी तिसऱ्या वर्षाला गेले, ती घरी. मला वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर आधी बरं वाटलं. दांडीला धरून उभी राहिलेली ती सकाळ मी विसरले नव्हते.

दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी ती आमच्या पुढच्या दारात उभी राहिली. वाळली होती. अब्बा टाकीवर वाकलेले होते. त्यांनी वर पाहिलं, तिला ओळखलं आणि ओले हात पुसत म्हणाले, "ये गं. आत हाय ती." अम्मीला काहीच माहीत नव्हतं. ती "माझी भोंगवलीची लेक" करत धावली, पाणी दिलं, भजी तळायला बसली. वैशालीनं भज्याला हात लावला नाही. अम्मी आत गेल्यावर ती म्हणाली, "चिठ्ठी माझी होती."

"माहितीये."

"पायानं पुढं मी सरकवली. घाबरले. तुझ्याकडं जाईल असं वाटलं नव्हतं." ती थांबली. "नाही, वाटलं होतं."

तिचा बांध फुटला, पण आवाज न करता. पुढं दादा लग्न ठरवायला बघतोय, वडिलांनी एकच संधी दिलीय, पेपर पुढच्या महिन्यात आहे, हे ती तुटक तुटक सांगत राहिली. मला तिला उठून जा म्हणायचं होतं. शब्द तोंडाशी आले होते. तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "मग माझं नाव का नाही घेतलंस?"

"वही आणलीस का?" मी म्हटलं.

तिनं पिशवीतून वही काढली. आम्ही मागच्या दाराशी चटईवर बसलो. मी तिच्याकडं न बघता शिकवत होते आणि ती माझ्याकडं न बघता लिहीत होती. खोकं काढ. मर्यादा लिही. ओळ गाळू नकोस. माझा आवाज कठोर होता, मी तो मऊ केला नाही. दिवस कलेपर्यंत चार गणितं झाली. पहिली तीन तिची चुकली. चौथं मी करून दाखवत होते, ते माझं चुकलं, आणि ते तिनं धरलं.